ठरावीक लांबीचे आणि हवी ती अक्षरे असलेले इंग्रजी शब्द कसे शोधावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा वर्डल हा ऑनलाइन खेळ असो, अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवायचा स्क्रॅबल असो की इंग्रजी वर्तमानपत्रातले शब्दकोडे, अडचण एकाच जागी येते. घरे मोजून दिलेली असतात, दोन-तीन अक्षरे हाती असतात आणि शब्द काही आठवत नाही. खालचे प्रश्न त्या अडचणीचे आहेत. इंग्रजी स्पेलिंग इथे अक्षरांची नावे जोडून लिहिले आहे, म्हणजे 'कॅट' हा शब्द सी-ए-टी असा. रिकाम्या घरासाठी खालची रेघ वापरली आहे.

शब्द पाच अक्षरी आहे असे वाटते, पण घरांत बसत नाही. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा कानाने मोजण्यात. मराठीत अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. 'कमळ' तीन अक्षरी आणि 'पाऊस'ही तीन अक्षरी, यात कुणाला शंका येत नाही. इंग्रजीत मात्र उच्चार बाजूला ठेवून कागदावरची चिन्हे मोजावी लागतात. 'थॉट' ऐकायला दोन अक्षरी, पण टी-एच-ओ-यू-जी-एच-टी अशी सात घरे खातो. रांग या अर्थाचा 'क्यू' आपल्याला एकाक्षरी वाटतो, त्याचे स्पेलिंग क्यू-यू-ई-यू-ई, पाच अक्षरे. 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये एस-टी-आर-ई-एन-जी-टी-एच-एस अशी नऊ अक्षरे आहेत आणि त्यात स्वर एकच. उलटही होते: 'आयडिया' बोलायला लांब, लिहायला आय-डी-ई-ए, फक्त चार.

म्हणून शब्द सुचला की आधी घरे आखा आणि एकेका घरात एकेक अक्षर लिहून बघा. जोडून येणारे सारखे अक्षर दोनदा मोजायचे: 'अ‍ॅड्रेस'मध्ये दोन डी आणि दोन एस आहेत, म्हणून तो सात अक्षरी.

शब्दकोड्यात सूचनेपुढे (3, 4) किंवा (3-4) लिहिलेले असते. घरे किती धरायची?

दोन्ही वेळा सात. स्वल्पविराम असेल तर तीन आणि चार अक्षरांचे दोन सुटे शब्द, आडवी रेघ असेल तर मध्ये जोडरेघ असलेला एक शब्द. जागा, जोडरेघ आणि वरचा स्वल्पविराम यांना घर मिळत नाही.

हाती तीन-चार अक्षरे आहेत. सुरुवात कुठल्या अक्षरापासून करावी?

सगळ्यांत दुर्मीळ अक्षरापासून. ई, ए, आर ही अक्षरे इतक्या शब्दांत येतात की त्यांच्यामुळे यादी फारशी लहान होत नाही. जे, क्यू, एक्स, झेड यांच्यापैकी एक असेल तर काम लगेच आटोक्यात येते.

किती फरक पडतो हे वर्डलच्या मूळ उत्तरयादीवरून स्पष्ट दिसते. जॉश वॉर्डल यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये खेळ सर्वांसाठी खुला केला, तेव्हा त्या यादीत 2,315 पाच अक्षरी शब्द होते. त्या सगळ्या शब्दांत मिळून ई हे अक्षर 1,233 वेळा येते, ए 979 वेळा, आर 899, ओ 754, टी 729, एल 719. दुसऱ्या टोकाला झेड 40 वेळा, एक्स 37, क्यू 29 आणि जे अवघे 27 वेळा. जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला आणि पुढे यादीत फेरफार झाले, त्यामुळे आजचे आकडे थोडे वेगळे असणार. अक्षरांची उतरंड मात्र रोजच्या वापरातल्या पाच अक्षरी शब्दांत साधारण अशीच राहते.

अक्षर शब्दात आहे हे कळले, पण कुठल्या घरात ते माहीत नाही. जागा कशी ओळखायची?

इंग्रजी अक्षरांना जागेच्या सवयी असतात आणि शोधाचे निम्मे काम त्या सवयी करतात. त्याच 2,315 शब्दांच्या यादीत एस पहिल्या घरात 366 वेळा येतो, शेवटच्या घरात फक्त 36 वेळा. नुसता एस लावून झालेली अनेकवचने उत्तर म्हणून घ्यायची नाहीत असे धोरण होते, म्हणून शेवटी एस असलेले शब्द बहुतेक जी-एल-ए-एस-एस किंवा एफ-ओ-सी-यू-एस या धर्तीचे आहेत. वायचे याच्या उलट आहे: सुरुवातीला 6 वेळा, शेवटी 364 वेळा. शेवटच्या घरात सर्वाधिक येते ते ई, 424 वेळा. क्यूच्या 29 पैकी 23 जागा पहिल्या घरातल्या आहेत आणि जेच्या 27 पैकी 20. एक्सने सुरू होणारा शब्द त्या यादीत एकही नाही.

काही अक्षरे जोडीने फिरतात. एच सुटा कमी दिसतो. त्याच्या आधी बहुधा सी, एस, टी, पी, डब्ल्यू किंवा जी असते. के शेवटी आला आणि आधीचा स्वर ऱ्हस्व असला की मध्ये सहसा सी येतो: बी-एल-ए-सी-के. क्यूच्या मागोमाग यू. मूळ इंग्रजी शब्द व्ही या अक्षरावर जवळपास कधीच संपत नाही. 'व्ह' असा शेवट ऐकू आला तरी पुढे ई असतोच, जसे जी-आय-व्ही-ई, एल-ओ-व्ही-ई. शेवटच्या घरात व्ही मांडून बसणे हा मराठी कानाचा नेहमीचा चकवा आहे.

एखादे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

पाच अक्षरी शब्द, मधले अक्षर ए, सी आणि एच कुठेतरी आहेत. साचा असा: _ _ ए _ _.

सी आणि एच एकत्र असण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून आधी ती जोडी दोन्ही बाजूंना बसवून पाहायची. सुरुवातीला बसवली तर सी-एच-ए-_-_ हा साचा मिळतो आणि त्यात पुष्कळ शब्द आहेत: सी-एच-ए-आय-एन, सी-एच-ए-आय-आर, सी-एच-ए-एल-के, सी-एच-ए-एम-पी, सी-एच-ए-आर-टी, सी-एच-ए-ओ-एस, सी-एच-ए-एस-ई. शेवटी बसवली तर _-_-ए-सी-एच: बी-ई-ए-सी-एच, टी-ई-ए-सी-एच, आर-ई-ए-सी-एच, पी-ई-ए-सी-एच, पी-ओ-ए-सी-एच, सी-ओ-ए-सी-एच.

इथे बरेच जण थांबतात, पण जोडी फुटूही शकते. सी पहिल्या घरात आणि एच शेवटच्या घरात ठेवला की एच एसशी जोडी जमवतो: सी-आर-ए-एस-एच, सी-एल-ए-एस-एच. एच दुसऱ्या आणि सी चौथ्या घरात गेला की पुढचे के आपोआप येते: एस-एच-ए-सी-के, डब्ल्यू-एच-ए-सी-के.

चार साचे, नेहमीच्या वापरातले वीस-बावीस शब्द. सुचेल तसे शब्द आठवत बसण्यापेक्षा साचे आधी मांडले की काही सुटत नाही, आणि पुढचे एक अक्षर कळताच तीन साचे एकदम गळतात.

सगळी अक्षरे दिली आहेत, फक्त क्रम लावायचा आहे. काही पद्धत आहे का?

पाच वेगवेगळ्या अक्षरांचे 120 क्रम होतात, सात अक्षरांचे 5,040. सगळे करून पाहणे शक्य नाही, गरजही नाही. अक्षरे सरळ ओळीत न लिहिता वर्तुळात लिहा. ओळीत लिहिली की डोळा त्याच क्रमाला चिकटून राहतो. मग जोड्या आणि शेपट्या वेगळ्या काढा: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, एल-वाय, टी-आय-ओ-एन. उरलेल्या अक्षरांचे मूळ क्रियापद किंवा नाम सहसा पटकन दिसते.

एकाच संचातून अनेक शब्द निघतात हे विसरू नका. ए, ई, एल, एस, टी यांतून एस-टी-ई-ए-एल, एल-ई-ए-एस-टी, एस-एल-ए-टी-ई, एस-टी-ए-एल-ई आणि टी-ए-एल-ई-एस असे निदान पाच नेहमीचे शब्द होतात. पहिला सापडला म्हणजे तोच उत्तर, असे नाही.

स्क्रॅबल गंभीरपणे खेळणारे अक्षरे वर्णानुक्रमे लावून पाठ करतात. ए-ई-आय-एन-आर-एस-टी हा क्रम दिसला की त्यांना आर-ई-टी-ए-आय-एन-एस, एन-ए-एस-टी-आय-ई-आर, आर-ई-टी-आय-एन-ए-एस हे शब्द एकदम आठवतात. संगणकावरही हीच युक्ती सर्वांत वेगाने चालते: यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे त्याची अक्षरे वर्णानुक्रमे लावून एक किल्ली लिहायची आणि आपल्या अक्षरांची किल्ली तिच्याशी जुळवायची.

ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही. असा शब्द असू शकतो का?

असतो, आणि तेव्हा स्वराचे काम बहुतेक वाय करतो. पाच अक्षरी: सी-आर-वाय-पी-टी, एन-वाय-एम-पी-एच, एल-वाय-एम-पी-एच, टी-आर-वाय-एस-टी, पी-वाय-जी-एम-वाय, एस-एच-वाय-एल-वाय. सहा अक्षरी: आर-एच-वाय-टी-एच-एम आणि ग्रह-ताऱ्यांच्या एका रेषेत येण्यासाठी वापरला जाणारा एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. वेल्श भाषेतून आलेल्या सी-डब्ल्यू-एम आणि सी-आर-डब्ल्यू-टी-एच या शब्दांत डब्ल्यू स्वर होतो. पहिला डोंगरातल्या खोलगट दरीचा शब्द आहे, दुसरा एका जुन्या तंतुवाद्याचा.

दोन-तीन प्रयत्नांत पाचही स्वर बाद झाले तर वाय आधी मधल्या घरात, मग दुसऱ्या आणि शेवटच्या घरात घालून पाहा.

आणि स्वरच भरमसाट असतील तर?

पाचात चार स्वर असलेले ए-डी-आय-ई-यू आणि ए-यू-डी-आय-ओ सर्वांना ठाऊक आहेत. सात अक्षरी एस-ई-क्यू-यू-ओ-आय-ए या वृक्षाच्या नावात पाचही स्वर एकेकदा येतात, नऊ अक्षरी ई-डी-यू-सी-ए-टी-आय-ओ-एन मध्येही.

वर्डलची सुरुवात ए-डी-आय-ई-यू ने करणे मात्र आम्हाला पटत नाही. स्वर कळतात, पण शब्द ओळखू येतो व्यंजनांच्या सांगाड्यावरून. वर सांगितलेल्या वर्डलच्या यादीत यू 467 वेळा आणि डी 393 वेळा आहे, तर आर 899 आणि टी 729 वेळा. एस-एल-ए-टी-ई किंवा सी-आर-ए-एन-ई यांसारखा दोन स्वर आणि तीन वापरातल्या व्यंजनांचा शब्द पहिल्या फटक्यात जास्त काही सांगून जातो.

क्यू आला आहे, पण यू नाही. आता?

स्क्रॅबलमध्ये ही वेळ वारंवार येते, कारण क्यूची सोंगटी एकच आणि यूच्या चार. यू नसलेल्या क्यूचे शब्द बहुतेक अरबी, हिब्रू किंवा चिनी मुळाचे आहेत, आणि त्यातले बरेच आपल्या कानाला ओळखीचे: एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, टी-ए-एल-ए-क्यू म्हणजे तलाक, एन-आय-क्यू-ए-बी म्हणजे नकाब. बुरख्याचे बी-यू-आर-क्यू-ए हे स्पेलिंगही चालते. त्यात यू आहे, पण क्यूच्या मागे नाही. सर्वांत उपयोगाचा दोन अक्षरी क्यू-आय. क्यूचे दहा गुण दोन घरांत वसूल होतात आणि तिहेरी गुणांचे घर मिळाले तर विचारायलाच नको. तीन अक्षरी क्यू-ए-टी आणि एस-यू-क्यू, पाच अक्षरी क्यू-ए-एन-ए-टी हेही पाठ असावेत.

वर्डलमध्ये ई करडा झाला म्हणून ई असलेले शब्द वगळले, आणि उत्तरात ई निघाला. असे कसे?

वर्डलमध्ये अंदाजातले हिरवे अक्षर योग्य घरात असते, पिवळे शब्दात असते पण दुसऱ्या घरात, आणि करडे अक्षर सहसा शब्दात नसते. पण 'सहसा'च, आणि शोधताना होणारी ही सर्वांत महागडी चूक. तुमच्या अंदाजात ई दोनदा होता का ते पाहा.

समजा उत्तर सी-आर-ए-एन-ई आहे आणि तुम्ही ई-ई-आर-आय-ई टाकलेत. शेवटचा ई हिरवा होईल, आर पिवळा होईल आणि पहिले दोन्ही ई करडे होतील. खेळ आधी हिरवी अक्षरे ठरवतो, मग उरलेल्यांना डावीकडून उजवीकडे पिवळा रंग देतो, आणि उत्तरात त्या अक्षराची जितकी घरे आहेत तितक्यांनाच रंग मिळतो. उत्तरात ई एकच होता. तो शेवटच्या ईने घेतला. दुसरे उदाहरण: उत्तर ए-बी-आय-डी-ई, अंदाज एस-पी-ई-ई-डी. पहिला ई पिवळा, दुसरा करडा, डी पिवळा.

म्हणजे त्याच अक्षराचे एक घर रंगीत आणि दुसरे करडे असेल, तर करड्याचा अर्थ 'हे अक्षर नाही' असा नसून 'याहून जास्त वेळा नाही' असा आहे. शब्द शोधून देणाऱ्या साधनात 'नको असलेली अक्षरे' या चौकटीत तो ई टाकलात की खरे उत्तर यादीतून निघून जाते. त्या चौकटीत फक्त सर्व घरांत करडी झालेली अक्षरेच टाका.

पिवळ्या अक्षराचे काय करायचे?

दोन गोष्टी एकाच वेळी लिहून ठेवायच्या: अक्षर आहे, आणि या घरात नाही. दुसरी गोष्ट लिहायची राहते आणि तेच अक्षर पुन्हा त्याच घरात पडते.

चार अक्षरे हिरवी झाली, तरी शब्द सापडेना. प्रयत्न संपत चालले. काय करावे?

हा सापळा सहसा _-आय-जी-एच-टी किंवा _-ओ-यू-एन-डी या साच्यात लागतो. पहिल्यात ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी ही आठही अक्षरे सुरुवातीला बसतात आणि आठही नेहमीचे शब्द होतात: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. दुसऱ्यात बी, एफ, एच, एम, पी, आर, एस, डब्ल्यू. एकेक अक्षर बदलून पाहिले तर आठ प्रयत्न लागू शकतात, आणि वर्डलमध्ये एकूण सहाच मिळतात.

उपाय असा की एक प्रयत्न उत्तर शोधण्यासाठी नाही, तर शंका मिटवण्यासाठी खर्च करायचा. पहिल्या साच्यासाठी एफ-आय-एल-एम-एस टाका. एफ हिरवा झाला तर फाइट, एल पिवळा तर लाइट, एम पिवळा तर माइट, एस पिवळा तर साइट. यातले काहीच झाले नाही तर टी-आर-ई-एन-डी टाका: टी हिरवा तर टाइट, आर पिवळा तर राइट, ई पिवळा तर एट, एन पिवळा तर नाइट. टी पिवळा दिसला तर दचकू नका, तो शब्दाच्या शेवटी आहेच. दोन प्रयत्नांत आठही शक्यता वेगळ्या होतात.

वर्डलचा कठीण प्रकार (हार्ड मोड) निवडला असेल तर सापडलेली अक्षरे प्रत्येक अंदाजात वापरावीच लागतात, मग हा मार्ग बंद. म्हणून त्या प्रकारात असा साचा तयार होत असल्याचे दिसताच, चार अक्षरे हिरवी होण्याआधीच, वेगळी व्यंजने तपासून घ्यावीत.

ऐकू येतो तसा शब्द लिहिला, पण एक घर उरते. ते कशाचे?

न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षराचे, बहुतेक वेळा. 'न'ने सुरू होणारा शब्द के-एन किंवा जी-एन ने सुरू होऊ शकतो: के-एन-आय-एफ-ई, के-एन-ओ-सी-के, जी-एन-ओ-एम-ई. 'र'च्या आधी डब्ल्यू असू शकतो, जसे डब्ल्यू-आर-आय-एस-टी, किंवा नंतर एच, जसे आर-एच-वाय-एम-ई. 'स'च्या आधी पी: पी-एस-ए-एल-एम. 'म'नंतर बी: टी-एच-यू-एम-बी, सी-एल-आय-एम-बी. टीच्या आधी बी: डी-ओ-यू-बी-टी. यातून जमले नाही तर शेवटचा ई किंवा एखादे दुहेरी व्यंजन तपासा.

उच्चारातला आणखी एक घोळ म्हणजे एका ध्वनीची अनेक अक्षरे. 'फ' ऐकू आला तर एफ, पी-एच आणि जी-एच अशा तिन्ही शक्यता. 'ज' असेल तर जे, जी, डी-जी. 'व' असेल तर व्ही आणि डब्ल्यू दोन्ही घालून पाहा. मराठीत दोन्हींना एकच अक्षर असल्याने इथे हमखास गल्लत होते.

सात-आठ अक्षरी शब्द आठवतच नाहीत.

पूर्ण शब्द आठवू नका, शेपूट कापून मूळ शोधा. आय-एन-जी तीन घरे घेते, पण मूळ नेहमी लांबी वजा तीन इतके नसते. पी-एल-ए-वाय ला आय-एन-जी लावले की सात. आर-यू-एन ला लावले तरी सातच, कारण एन दुणावतो. एम-ए-के-ई ला लावले तर सहा, कारण ई जातो. म्हणून सात अक्षरी आणि आय-एन-जी शेवटी असलेला शब्द हवा तर तीन, चार आणि पाच अशा तिन्ही लांबीची क्रियापदे चाळावी लागतात. टक लावून पाहणे हे एस-टी-ए-आर-आय-एन-जी, सात अक्षरी; चित्रपटात प्रमुख भूमिका करणे हे एस-टी-ए-आर-आर-आय-एन-जी, आठ. एक आर इकडचा तिकडे झाला की अर्थही बदलतो आणि घरेही.

सुरुवातीचे तुकडेही असेच वेगळे काढावेत: आर-ई, यू-एन, ओ-यू-टी, ओ-व्ही-ई-आर.

साधनाने शब्द दिला, पण खेळ तो घेत नाही. असे का होते?

दोघांच्या याद्या वेगळ्या असतात. स्क्रॅबलच्याच दोन मोठ्या याद्या आहेत. भारतात, ब्रिटनमध्ये आणि जगात बहुतेक ठिकाणी स्पर्धा कॉलिन्स या कोशप्रकाशकाच्या यादीवर होतात. तिच्या 2019 च्या आवृत्तीत 2,79,496 शब्द आहेत. अमेरिका आणि कॅनडात वेगळी, लहान यादी चालते. त्याच सुमाराच्या याद्यांत दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये 127 आणि अमेरिकेच्या यादीत 107 होते. सी-एच, ई-ई, झेड-ओ हे शब्द कॉलिन्सवर चालतात, अमेरिकेच्या यादीवर नाहीत. साधन वापरण्याआधी त्यात कोणती यादी निवडली आहे ते बघा.

वर्डलमध्ये तर दोन याद्या एकाच वेळी काम करतात. मूळ खेळात उत्तरे 2,315 होती, पण अंदाज म्हणून आणखी दहा हजारांहून अधिक शब्द चालत. म्हणून खेळाने स्वीकारलेला प्रत्येक शब्द उत्तर असू शकेल असे नाही. साधनाने दिलेल्या यादीतले अनोळखी शब्द आधी बाजूला काढा.

स्पेलिंगच्या पद्धतीचाही प्रश्न आहे. आपल्या शाळांत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, त्यामुळे रंगाची आपण सहा घरे धरतो: सी-ओ-एल-ओ-यू-आर. अमेरिकेत तो पाच अक्षरी आहे. एफ-ए-व्ही-ओ-आर, एच-यू-एम-ओ-आर यांचेही तेच. एफ-आय-बी-आर-ई आणि एफ-आय-बी-ई-आर यांची लांबी सारखीच, पण शेवटची दोन अक्षरे उलट. वर्डल अमेरिकी स्पेलिंग धरते, हे लक्षात असले की निम्मा वैताग वाचतो.

आपल्या संगणकावर शब्द शोधता येतात का?

येतात, आणि शिकायला अर्धा तास पुरतो. ओळीला एक शब्द अशी साधी यादी हवी. एनेबल ही 1,72,000 हून अधिक शब्दांची यादी सर्वांना मोफत वापरता येते. मॅक संगणकात एक यादी आधीपासूनच असते, पण ती 1934 च्या वेबस्टर कोशावर आधारलेली आहे. तिच्यात विशेषनामे मिसळलेली आहेत आणि अनेकवचने व भूतकाळी रूपे फारशी नाहीत, म्हणून खेळासाठी ती वापरू नये.

एक्सेलमध्ये यादी पहिल्या स्तंभात ठेवा आणि फिल्टरमध्ये 'बरोबर' ही अट निवडून पाच प्रश्नचिन्हे लिहा: फक्त पाच अक्षरी शब्द उरतात. एक प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलेही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरे. तिसरे अक्षर ए हवे तर दोन प्रश्नचिन्हे, रोमन ए, पुन्हा दोन प्रश्नचिन्हे. लांबी वेगळ्या स्तंभात हवी असेल तर लेन हे सूत्र.

लिनक्स किंवा मॅकवर साच्याशी जुळणाऱ्या ओळी शोधून देणारी ग्रेप (जी-आर-ई-पी) ही आज्ञा आहे. तिथे ^.....$ हा साचा पाच अक्षरी शब्द देतो: टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे शेवट, प्रत्येक टिंब एक अक्षर. टोपी आणि डॉलर विसरलात तर पाच किंवा त्याहून लांब सगळे शब्द येतात. नको असलेली अक्षरे गाळायला उणे चिन्ह आणि लहान व्ही हा पर्याय द्यायचा.

बिघडते ते सहसा तीन ठिकाणी. विंडोजवर तयार झालेल्या यादीत ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह असते. ग्रेप ते मोजतो आणि पाच टिंबांना चार अक्षरी शब्द मिळतात. फाइलमधील ओळींचा शेवट युनिक्स पद्धतीचा करून घेतला की हे थांबते. एक्सेलमध्ये शब्दापुढे मोकळी जागा राहिली तर पाच अक्षरांची लांबी सहा दाखवली जाते. त्यावर ट्रिम हे सूत्र. आणि यादी थेट उघडली की एक्सेल टी-आर-यू-ई आणि एफ-ए-एल-एस-ई या शब्दांना तर्कमूल्ये समजते, मग ते प्रश्नचिन्हांच्या साच्यात सापडत नाहीत. यादी आत घेताना स्तंभाचा प्रकार 'मजकूर' ठेवावा.

स्क्रॅबलमध्ये सोंगट्यांच्या संख्येचा शोधात उपयोग होतो का?

होतो. एकूण 100 सोंगट्या, त्यांपैकी दोन कोऱ्या, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या. ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9, ओ 8, एस फक्त 4. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेक. म्हणजे पी-आय-झेड-झेड-ए लिहायला एक कोरी सोंगटी लागणारच. पी-आय-झेड-झेड-ए-झेड-झेड हा शब्द कोशात आहे, पण त्यात चार झेड आहेत आणि एक झेड अधिक दोन कोऱ्या मिळून तीनच होतात. तो पटावर मांडणे अशक्य आहे. सातही सोंगट्या एका डावात लावल्या की 50 गुण जादा मिळतात, म्हणून कोरी सोंगटी आणि एस सहसा त्या डावासाठी राखून ठेवावेत.

मराठी किंवा भारतीय शब्द इंग्रजी खेळात चालतात का?

बरेच चालतात, आणि यात आपण इतरांच्या पुढे असतो. इंग्रजी शब्द आय किंवा यूवर क्वचित संपतात, भारतीय मुळाचे मात्र सर्रास: एस-ए-आर-आय, आर-ओ-टी-आय, वाय-ओ-जी-आय, जी-यू-आर-यू, डी-एच-ओ-टी-आय. शेवटच्या घरात आय अडकला की आधी हे आठवावेत. पाच अक्षरींत सी-आर-ओ-आर-ई, एस-आय-टी-ए-आर, टी-ए-बी-एल-ए, आर-ए-आय-टी-ए, एस-ए-एच-आय-बी. चार अक्षरींत एल-ए-के-एच, जी-एच-ए-टी.

एका शब्दाची दोन-तीन स्पेलिंगे असतात, त्यामुळे लांबी जुळवून घेता येते. डाळ डी-ए-एल अशी तीन घरांत बसते आणि डी-एच-ए-एल किंवा डी-ए-एच-एल अशी चार घरांत. साडी एस-ए-आर-आय चार, एस-ए-आर-ई-ई पाच. तूप जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय.

आपल्या मुंगसाचा इंग्रजीत झालेला एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई आठ अक्षरी आहे. शेवट जी-ओ-ओ-एस-ई असा दिसतो म्हणून अनेकवचनात पुष्कळजण दोन ओ काढून दोन ई घालतात. पण त्या शब्दाचा हंसाशी काही संबंध नाही, तो मराठीतून गेलेला आहे. अनेकवचन नुसता एस लावून होते आणि त्याला नऊ घरे लागतात.